‘फोर-जी’ दिसते, पण फोटो जात नाही: ॲपमधून जोडणीचा प्रकार आणि वेग कसा ओळखावा

घाटंजी तालुक्यातील एका तरुण विकसकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी त्यांनी अँड्रॉइडवर पीक नोंदणीचे ॲप तयार केले आहे. कंपनीची मुले गावोगाव फिरून वावरातल्या पऱ्हाटीचे आणि तुरीचे फोटो काढतात, सोबत गट क्रमांक आणि अक्षांश-रेखांश भरतात आणि ते सारे सर्व्हरला पाठवतात. पाठवण्याआधी ॲप इंटरनेट आहे का ते तपासते. उत्तर ‘आहे’ असे येते, फोनच्या वरच्या पट्टीवर ‘फोर-जी’ही दिसते, तरी फोटो एकतर जात नाही, नाहीतर दोनदा जातो. म्हणून जोडणी वाय-फायची आहे की मोबाइल डेटाची, मोबाइल डेटाची असल्यास टू-जी की फोर-जी, आणि तिचा वेग किती, हे कोडमधून कसे ओळखावे आणि किती वेग असला म्हणजे फोटो पाठवावा, असे त्यांनी विचारले आहे.

यातल्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्याचे कठीण आहे, आणि तिसरा प्रश्न जरा वेगळ्या रीतीने विचारायला हवा असे माझे मत आहे.

आपण केलेल्या वर्णनावरून आपल्या ॲपमध्ये जुनी रीत वापरलेली दिसते, म्हणजे अँड्रॉइडमध्ये जोडण्यांची माहिती ठेवणाऱ्या कनेक्टिव्हिटी मॅनेजरकडून ‘नेटवर्क इन्फो’ मागायची आणि जोडणी आहे का, एवढेच तिला विचारायचे. ही रीत अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, कालबाह्य ठरवलेली आहे. तिच्याऐवजी चालू नेटवर्कच्या ‘नेटवर्क कॅपॅबिलिटीज’ मागाव्यात. ही सोय अँड्रॉइड ६ पासून पूर्णपणे उपलब्ध आहे, त्यामुळे आज शेतात दिसणारा जवळपास कोणताही फोन तिच्यात बसतो. तिला ‘ट्रान्सपोर्ट’, म्हणजे जोडणीचा मार्ग, विचारला की वाय-फाय, सेल्युलर, व्हीपीएन असे उत्तर मिळते. मात्र आपल्या कामाच्या दृष्टीने तिच्यातल्या ‘इंटरनेट’ आणि ‘व्हॅलिडेटेड’ या दोन क्षमता अधिक महत्त्वाच्या आहेत. हे नेटवर्क इंटरनेट देण्यासाठी मांडलेले आहे, एवढेच पहिली क्षमता सांगते. ते खरोखर देते आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. फोनने स्वतः बाहेरच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटी विनंती पाठवून तिचे उत्तर आल्याची खात्री केली असेल तरच दुसरी क्षमता मिळते. राउटरचा दिवा लागलेला आहे पण मागची लाईन बंद पडलेली आहे, अशा वाय-फायवर पहिली क्षमता ‘हो’ म्हणते आणि दुसरी ‘नाही’ म्हणते. दुसरीवरही डोळे मिटून विसंबू नये, कारण ही खात्री प्रामुख्याने जोडणी होते तेव्हा केली जाते. पारावर जोडणी झालेला फोन खिशात घालून माणूस नाल्यापलीकडच्या वावरात गेला, तरी ती खूण बराच वेळ तशीच राहू शकते.

हे सर्व दर वेळी विचारत बसण्याऐवजी, अँड्रॉइड ७ पासून मिळणारा ‘डिफॉल्ट नेटवर्क कॉलबॅक’, म्हणजे नेटवर्क बदलले की ॲपला आपोआप वर्दी देणारी सोय, एकदा नोंदवून ठेवावा आणि क्षमता बदलल्याची वर्दी आली की तिच्यासोबत आलेली माहितीच वापरावी. नेटवर्क उपलब्ध झाल्याची वर्दी येताच त्याच क्षणी उलटून क्षमता विचारण्याची चूक अनेक जण करतात. त्या वेळी मिळणारे उत्तर जुने किंवा रिकामे असू शकते.

टू-जी की फोर-जी हे टेलिफोनी मॅनेजर सांगतो, पण त्यासाठी फोनच्या स्थितीची परवानगी लागते आणि ती मागताना पडद्यावर फोन कॉल करण्याची व ते हाताळण्याची परवानगी द्यावी का, अशा अर्थाचा मजकूर येतो. पिकाचा फोटो काढायला आलेल्या मुलाच्या ॲपला कॉलशी काय करायचे आहे, असा प्रश्न शेतकरी विचारतो, आणि तो रास्तच आहे. अँड्रॉइड १३ पासून याच कामासाठी एक सौम्य परवानगी आली आहे, तिला पडद्यावर विचारावे लागत नाही. तरीही मिळणारे उत्तर सरळ असेलच असे नाही. ज्या कंपनीचे फाइव्ह-जी फोर-जीच्या आधारावर उभे आहे, तिच्या सिमवर वरच्या पट्टीत ‘फाइव्ह-जी’ दिसत असतानाही ही विचारणा ‘एलटीई’, म्हणजे फोर-जी, असेच उत्तर देते. माझ्या ॲपमधून मी ही विचारणा काढून टाकली, आणि त्यावाचून एकही काम अडलेले नाही.

काम न अडण्याचे कारण असे की जोडणीच्या पिढीवरून तिचा वेग कळत नाही, आणि फोटो पाठवण्याचा वेग तर मुळीच कळत नाही. आपल्या मुलांनी आपल्याला सांगितले असेल की व्हॉट्सॲपवर निरोप येतात, व्हिडिओही अडखळत का होईना चालतो, पण आपल्या ॲपमधला फोटो हलत नाही. त्यांना हे ॲपचे खोटे वाटते, पण त्याचे मूळ रेडिओत आहे. टॉवर काही दहा वॅट ताकदीने बोलतो. फोन जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॅट ताकदीने उत्तर देतो. गाव टॉवरपासून चार-पाच किलोमीटर दूर असेल, मध्ये टेकाड असेल, तर टॉवरचा आवाज फोनपर्यंत पोचतो, पण फोनचा आवाज टॉवरपर्यंत धडपणे पोचत नाही. शिवाय फोर-जीसाठी वापरल्या जाणाऱ्या २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच वारंवारतेवर आळीपाळीने घेणे आणि पाठवणे चालते, आणि त्या पाळ्यांतला मोठा वाटा घेण्याला दिलेला असतो. वरच्या पट्टीतल्या दांड्या टॉवरचा आवाज फोनला किती मोठ्याने ऐकू येतो तेवढे दाखवतात. त्या टॉवरवर आणखी किती लोक बोलत आहेत आणि आपले बोलणे तिकडे ऐकू जाते का, हे त्यांच्यावरून समजत नाही. म्हणून वेग मोजायचाच असेल तर पाठवण्याचा मोजावा. वेग मोजणाऱ्या प्रसिद्ध ॲपचा मोठा आकडा बहुधा उतरवण्याचा, म्हणजे डाउनलोडचा, असतो, आणि आपल्याला त्याचा काही उपयोग नाही.

वाय-फाय म्हणजे वेगवान, हा समजही इथे सोडून द्यावा. खेड्यात वाय-फाय म्हणजे बहुतेक वेळा शेजारच्या माणसाच्या फोनचा हॉटस्पॉट असतो. वाय-फायची माहिती विचारली तर ती प्रामाणिकपणे ७२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) असा जोडणीचा वेग सांगते, पण तो आपल्या फोनपासून त्या दुसऱ्या फोनपर्यंतच्या दहा हातांचा वेग असतो. त्या फोनच्या पुढे टू-जी असेल तर फोटो टू-जीनेच जाणार.

आता वेगाकडे वळू. नेटवर्क कॅपॅबिलिटीजमध्ये उतरवण्याच्या आणि पाठवण्याच्या अंदाजी वेगाचे दोन आकडे केबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किलोबिटमध्ये, मिळतात. पूर्वी ते इतके ढोबळ असत की त्यांच्यावर निर्णय सोपवणे धोक्याचे होते. अँड्रॉइड १२ पासून त्यांत खरी सुधारणा झाली: त्या फोनवर, त्या कंपनीच्या सिमवर, नेटवर्कच्या त्या प्रकारात आणि सिग्नलच्या त्या पातळीवर आजवर सर्व ॲपना मिळून जो वेग मिळत आला, त्याची भारित सरासरी आता हे आकडे देतात. ॲप नुकतेच उघडले आहे आणि स्वतःचे एकही माप हाताशी नाही, अशा वेळी पहिला अंदाज म्हणून मी तोच आकडा घेतो. पण ती कालपर्यंतची सरासरी आहे, हे विसरू नये. दुपारी लाईन गेली, टॉवरची बॅटरी संपत आली आणि फोनने दूरचा टॉवर पकडला, तर आत्ताची परिस्थिती त्या सरासरीत उतरलेली नसते.

वेग तपासण्यासाठी मुद्दाम मोठी फाइल उतरवून पाहणे मला मान्य नाही. मुलाच्या रोजच्या दीड जीबीतून आपण तपासणीसाठीच डेटा खर्च करणार, आणि ती तपासणी संपेपर्यंत तो मुलगा पुढच्या धुऱ्यावर गेलेला असणार. तपासणी फुकटात करता येते, कारण ॲप तसेही नोंदी आणि फोटो पाठवतच असते; प्रत्येक पाठवणीला किती बाइट गेले आणि किती वेळ लागला, एवढे लिहून ठेवले म्हणजे माप तयार होते. मात्र यात एक खड्डा आहे, आणि मी स्वतः त्यात बराच काळ पडून होतो. ॲप फोटोचे बाइट लिहिते तेव्हा ते थेट हवेत जात नाहीत, आधी फोनच्या आतल्या साठ्यात, म्हणजे सॉकेटच्या बफरमध्ये, जमा होतात. शंभर किलोबाइटचा तुकडा त्या साठ्यात क्षणात मावला तर ॲपच्या दृष्टीने तो ‘लिहून झाला’. प्रगतीची पट्टी भरून जाते आणि मोजलेला वेग अफाट येतो, प्रत्यक्षात मात्र त्यातला बराच भाग अजून फोनमध्येच असतो. म्हणून घड्याळ पहिला बाइट लिहिताना सुरू करावे आणि सर्व्हरचे ‘मिळाले’ हे उत्तर हाती आल्यावरच थांबवावे.

फार लहान पाठवण्याही मापात घेऊ नयेत. नवी जोडणी सुरुवातीला हळूहळू पावले टाकते. पहिल्या हप्त्यात साधारण १४ किलोबाइटच जातात आणि उत्तर आल्यावर पुढचा हप्ता मोठा होतो. दोन-चार किलोबाइटच्या नोंदीवरून येण्याजाण्याचा वेळ तेवढा कळतो, वेग कळत नाही. मी ३० किलोबाइटपेक्षा लहान पाठवणी वेगासाठी धरत नाही, पण तिला लागलेला वेळ वेगळा ठेवतो, कारण तोही उपयोगी पडतो. उत्तर यायलाच तीन-चार सेकंद लागत असतील तर फोटोला हात न लावणेच बरे.

मापांची सरासरी काढताना साधी सरासरी फसवते. शेवटची तीन मापे १००, १०० आणि १००० केबीपीएस असतील तर साधी सरासरी ४०० येते, आणि तेवढ्या वेगाने दोनतृतीयांश वेळ काहीच जात नाही. हरात्मक सरासरी, म्हणजे मापांच्या संख्येला त्यांच्या व्यस्तांच्या बेरजेने भागून येणारी, १४३ येते, आणि प्रत्यक्ष अनुभव तिच्याजवळ असतो. शेवटची पाच मापे घेऊन हरात्मक सरासरी काढावी, आणि वाय-फायवरून मोबाइल डेटावर किंवा उलट बदल झाला की ती मापे टाकून द्यावीत. फेसबुकने २०१५ मध्ये याच कामासाठी एक मुक्त कोड-लायब्ररी दिली होती. तिच्यात १५० केबीपीएसच्या खाली ‘खराब’, ५५० पर्यंत ‘मध्यम’, २००० पर्यंत ‘चांगले’ आणि त्यावर ‘उत्कृष्ट’ अशी प्रतवारी होती. ती आता वापरात नाही आणि तिचे माप उतरवण्याचे होते, पण चार कप्पे पुरतात हा तिच्यातला विचार मला अजून पटतो.

आता तिसरा प्रश्न. किती वेग असला म्हणजे पाठवावे, असे विचारण्याऐवजी, आहे त्या वेगात किती पाठवावे असे विचारावे. फोनचा कॅमेरा सहज ३.२ मेगाबाइटचा फोटो काढतो. बाइट आणि बिट यांची गल्लत न करता (एका बाइटात आठ बिट) हिशेब केला तर तो २५.६ मेगाबिट होतो, आणि २०० केबीपीएसच्या जोडणीवर त्याला दोन मिनिटांहून अधिक, नेमके सांगायचे तर १२८ सेकंद लागतात. त्या दोन मिनिटांत मुलगा एका जागी उभा राहत नाही. तोच फोटो लांब बाजू १२८० पिक्सेल ठेवून दाबला की सुमारे २५० किलोबाइटचा होतो आणि १० सेकंदांत जातो, आणि पऱ्हाटी आहे की तूर, बोंडे फुटली आहेत की नाहीत, हे त्यातही स्वच्छ दिसते. बोंडअळीचे छिद्र ओळखण्यासाठी मूळ फोटो हवाच असेल तर तो मागे ठेवावा आणि चांगली जोडणी मिळेल तेव्हा पाठवावा. नोंद मात्र लहान फोटोसह आधी जाऊ द्यावी.

त्यापुढची पायरी म्हणजे फोटोचे तुकडे करून पाठवणे आणि जिथे तुटले तिथून पुढे सुरू करणे. तुकड्याचा आकार मी वेगावरून ठरवतो: आठ सेकंदांत जेवढे जाईल तेवढा एक तुकडा. वेग १२० केबीपीएस असेल तर सेकंदाला १५ किलोबाइट, म्हणजे १२० किलोबाइटचा तुकडा. तुटले तर नुकसान आठ सेकंदांचे होते, पूर्ण फोटोचे होत नाही. इथे वेगाचे माप थोडे चुकले तरी काही बिघडत नाही, आणि मला या पद्धतीतले हेच सर्वांत आवडते.

फोटो दोनदा का जातो, याचे उत्तरही त्याच बफरमध्ये आहे. सर्व्हरशी बोलण्यासाठी आपण ओके-एचटीटीपी ही लायब्ररी वापरत असाल तर त्यात जोडणी, वाचन आणि लेखन यांची मुदत मुळात १० सेकंद असते. बाइट बफरमध्ये लिहून झाले की ॲप उत्तराची वाट पाहू लागते आणि वाचनाचे १० सेकंद तेव्हाच सुरू होतात. जोडणी ४० केबीपीएसची असेल तर बफरमधले १०० किलोबाइट बाहेर पडायलाच २० सेकंद लागतात. दहाव्या सेकंदाला ॲप हार मानते आणि काही वेळाने पुन्हा पाठवते. कधी असे होते की पहिल्या वेळचे शेवटचे बाइट तोवर सर्व्हरपर्यंत पोचलेले असतात, फक्त त्याचे उत्तर परत आलेले नसते, आणि मग एकाच वावराच्या दोन नोंदी तयार होतात. वाचनाची मुदत ६० सेकंदांपर्यंत वाढवावी, हा अर्धा उपाय झाला. पुरा उपाय असा की प्रत्येक नोंदीला तिच्या जन्मावेळी फोनवरच एक अनन्य क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता ‘मिळाले आहे’ असे उत्तर द्यावे. गट क्रमांक आणि तारीख यांवरून जुळवणी करू नये, कारण एका गटात दोन भावांची दोन पिके असतात.

पाठवणीचे काम वर्क मॅनेजरवर, म्हणजे ठरवलेल्या अटी पुऱ्या झाल्या की मागे काम चालवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीवर, सोपवावे, पण त्याच्या अटी निवडताना माझी झालेली चूक टाळावी. काही वर्षांपूर्वी अशाच एका ॲपमध्ये मी ‘अनमीटर्ड’, म्हणजे ज्याचा डेटा मोजला जात नाही असे नेटवर्क असेल तरच मोठे फोटो पाठवावेत, अशी अट घातली होती. शहरात बसून ती फार समजूतदार वाटली होती. राळेगावकडच्या एका मुलाचे फोटो अकरा दिवस आले नाहीत, तो रोज फोन करून विचारायचा, “सर, गेलं काय?” त्याच्या गावात मोजदाद नसलेले नेटवर्क नव्हतेच, आणि शेजाऱ्याचा हॉटस्पॉटही मोजदादीचा आहे असे अँड्रॉइड बरोबर ओळखत होते. बाराव्या दिवशी तो यवतमाळला बहिणीकडे गेला आणि तिच्या घरच्या वाय-फायवर चारशेच्या वर फोटो एका रात्रीत आले. तेव्हापासून मी ‘कनेक्टेड’ एवढीच अट ठेवतो आणि मोठ्या फोटोंसाठी मोबाइल डेटा वापरावा का, हे त्या मुलालाच एकदा विचारून ठेवतो. ‘रोमिंग नसताना’ ही अटही पैनगंगेकाठच्या गावांसाठी घालू नये, कारण तिथे फोन पलीकडचा तेलंगणातला टॉवर पकडू शकतो.

पडद्यावर ‘इंटरनेट नाही’ अशी लाल पट्टी दाखवणेही मी बंद केले. ती खरी असली तरी त्या माणसाने काय करावे हे तिच्यातून कळत नाही, आणि पुष्कळदा ती खरीही नसते. तिच्या जागी ‘७ नोंदी या फोनवर जतन आहेत, त्यांतल्या ३ पोचल्या, शेवटची सकाळी ९:४० ला’ असे लिहिल्यावर मला येणारे फोन जवळपास थांबले.

आयफोनची आवृत्ती करायची झाल्यास तिथे २०१८ पासून ‘एनडब्ल्यू पाथ मॉनिटर’ आहे. जोडणी खर्चिक आहे का आणि वापरणाऱ्याने कमी डेटाचा पर्याय निवडला आहे का, हे तो सांगतो, वेग सांगत नाही. ब्राउझरमधून ॲप चालवणार असाल तर क्रोममध्ये जोडणीचा ‘परिणामी प्रकार’ मिळतो, पण सुमारे ७०० केबीपीएसच्या वर सर्व काही ‘फोर-जी’ म्हणून मोजले जाते आणि सफारी व फायरफॉक्समध्ये ही सोयच नाही. फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनातले जोडणी तपासणारे नेहमीचे प्लगइन फक्त प्रकार सांगते, आणि त्याच्या माहितीपत्रकातही तसे स्पष्ट लिहिलेले आहे.

चाचणीबद्दल एक सूचना. अँड्रॉइड १३ पासून विकसक पर्यायांत नेटवर्कचा वेग मर्यादित करण्याची सोय आहे, पण ती उतरवण्याला लगाम घालते, पाठवण्याला घालत नाही. तिच्यावर विसंबून आपण समाधानी झालात तर वावरात पुन्हा तेच होईल. एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनमध्ये, ‘एज’ किंवा ‘जीपीआरएस’ हे टू-जीचे वेग निवडता येतात, त्याने तुकड्यांचे गणित तपासता येईल. त्याहून खरी चाचणी दोन फोनांनी होते. एका फोनच्या सेटिंगमध्ये पसंतीचे नेटवर्क टू-जी करून त्याचा हॉटस्पॉट सुरू करावा आणि दुसऱ्या फोनने त्यावर जोडून वीस नोंदी पाठवाव्यात. ॲपला पूर्ण दांड्यांचे वाय-फाय दिसेल आणि वेग टू-जीचा मिळेल. मधूनच पहिला फोन विमान मोडवर टाकून एका मिनिटाने परत आणावा, आणि शेवटी सर्व्हरवर वीसच नोंदी आहेत का ते मोजावे. त्या पहिल्या फोनमध्ये जिओचे सिम घालू नये, कारण त्या जाळ्यात टू-जी नाहीच.